चित्रातल्या बाईचं कुंकू

आधीच सांगते, भुताखेतांवर विश्वास ठेवणारी मी नाही. आमच्या मॉरिशसमध्ये असले किस्से सांगणारे गल्लोगल्ली भेटतात, आणि मी प्रत्येकाची फिरकी घेत आलेय. माझं मराठी बैठकेत, म्हणजे गावातल्या संध्याकाळच्या वर्गात शिकलेलं; चुका पोटात घाला. भाषेच्या चुका म्हणतेय मी... खाली जी चूक सांगणार आहे ती पोटात घालण्यासारखी नाही.

सत्तरच्या दशकात फिनिक्स गावात एका मादामचं वर्कशॉप होतं. हॉलंडची तीनशे वर्षांपूर्वीची घरगुती चित्रं — सफरचंद सोलणारी बाई, पत्र वाचणारी बाई, अंगण झाडणारी मोलकरीण — छापील कार्ड समोर ठेवून आम्ही ती कॅनव्हासवर हाताने उतरवायचो. मग ती बातोने, म्हणजे जहाजाने, युरोपात जायची. आमच्यातल्या एकीनेही हॉलंड पाहिलं नव्हतं, पण तिथल्या बायकांच्या टोप्यांच्या चुण्या आम्हाला तोंडपाठ.

कपडे आणि भांडी माझ्याकडे. चेहरे मात्र फक्त पार्वतीकाकी रंगवायची. ती तेर रूज गावची, माझ्या आईची मैत्रीण. मला तिथे चिकटवलं तेही तिनेच. नवरा लवकर गेलेला, मुलगा शिकत होता, घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं.

काकीची एक खोड होती. चित्रातल्या बाईचा चेहरा रंगवण्याआधी ती तिच्या कपाळावर मोहरीएवढा लाल ठिपका द्यायची, आणि मग त्यावर कातडीच्या रंगाचे दोन हात. वरून काही म्हणजे काही दिसायचं नाही. आम्ही चिडवायचो, गोऱ्या मादामांना कुंकू कशाला म्हणून. ती म्हणायची, "लेकी बातोत बसून दर्यापार चालल्यात. उघड्या कपाळान् कशा धाडू?" तिचं स्वतःचं कपाळ पांढरं होतं. त्यावर मात्र कोणी चिडवायचं नाही.

एका संध्याकाळी मी हट्ट केला, मला एक चेहरा करू दे. सफरचंद सोलणारीचा. मादाम घरी गेली होती, काकीने हसून ब्रश हातात दिला. मीही तिच्यासारखा ठिपका दिला, वर रंगाचा एक हात मारला. दुसरा हात द्यायचा होता... पण रोझ हिलची बस सुटेल म्हणून घाईने निघाले. दुसऱ्या दिवशी विसरले. चित्र पॅक होऊन गेलं.

काही महिन्यांनी ते फ्रान्सहून परत आलं. पातळ रंगातून ठिपका वर आला होता. मादाम संतापली. तिने मला बोलावून विचारलं, ही काकीची सवय ना? तिथे काकी उभी होती, समोर चित्र होतं. काकीला प्रत्येकीचा हात ओळखू यायचा. माझं लग्न ठरलेलं, नोकरी गेली तर सासरी काय सांगू... मी म्हटलं, "वी, मादाम."

वी म्हणजे हो. एवढंच. खोटंही नव्हतं म्हणा. सवय तिचीच होती.

मादामने त्याच दिवशी काकीला कामावरून काढलं. तिने ब्रश गुंडाळले, भिंतीवरचं सफरचंदवालीचं डागाळलेलं कार्ड मादामला विचारून घेतलं आणि जाताना मला म्हणाली, "बससाठी धावू नको गं, पोरी. सावकाश जा."

चेहरे माझ्याकडे आले. पगार वाढला. आणि पहिल्याच शुक्रवारी सकाळी, मीच कुलूप उघडून आत आले, तर आदल्या दिवशी रंगवलेल्या बाईच्या कपाळावर लाल ठिपका. मी तो दिला नव्हता. बोट लावलं तर कोरडी भुकटी बोटाला आली. कुंकू! खालचा रंग ओलाच होता, पण बोट कुणी टेकवल्याची खूणही नाही. मी टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून टाकलं.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही. फक्त माझ्या चेहऱ्यांवर, फक्त शुक्रवारी. बरोबरच्या दोघींना दाखवलं तर त्या म्हणाल्या, तूच काकीची आठवण काढत असशील. मला खरं सांगता येईना. मला वाटायचं, काकी माझ्यावर बोट ठेवतेय. दर शुक्रवारी लवकर येऊन मी ते पुसायचे. सात वर्षं. तेर रूजला आईकडे जाणंसुद्धा टाळायचे, वाटेत काकी भेटेल म्हणून.

मग त्र्याऐंशी साली एका शुक्रवारी कपाळ स्वच्छ निघालं. "सुटले एकदाची," असं मी मोठ्याने म्हणाले. अजून आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

दोन दिवसांनी एका लग्नात कळलं, पार्वतीकाकी बुधवारी गेली.

शेवटी काकीच्या घरी गेले. पाय ओढत गेले. सुनेने मला पाणी दिलं. देवाच्या फळीवर, गणपतीच्या शेजारी ते कार्ड होतं. सफरचंद सोलणारीच्या कपाळावर कुंकवाचा जाड थर चढला होता. सून म्हणाली, "दर शुक्रवारी लावायची. आम्ही म्हणायचो, आई, विधवेनं कुणाला कुंकू लावू नये. तर म्हणायची, फिनिक्सला माजी एक पोर बसते, एकटी पडली असंल. तिचं कपाळ उघडं नको." मग तिने विचारलं, "ती पोर कोण, तुम्हाला ठाऊक?"

मी म्हटलं, "मो पा कोने." मला माहीत नाही. दुसऱ्यांदा.

नवऱ्यालाही हे कधी सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगतेय. तेर रूजमधलं कुंकू फिनिक्सच्या ओल्या रंगावर कसं उतरायचं, याचं कुणी काही शास्त्रीय कारण सांगितलं तरी मला ते पटेल असं वाटत नाही. वर्कशॉप बंद झालं तेव्हा सफरचंदवालीचा एक कॅनव्हास मी घरी आणला. आता दर शुक्रवारी सकाळी उठून आधी तिच्यासमोर जाते. हातात फडकं नसतं.

कपाळ उघडंच असतं.