न पाहिलेला पाठ

बी.एड.ला असताना आमच्या पिशवीत कायम एक निळी वही असायची, निरीक्षणाची. वर्गमैत्रीण शाळेत पाठ घेते तेव्हा तुम्ही मागच्या बाकावर बसायचं, तिचं शिकवणं बघायचं आणि जे बघितलं ते त्या वहीत लिहायचं. नियम असा होता. आम्ही मात्र ते आदल्या दिवशीच लिहून मोकळ्या व्हायचो. ती काय आणि कसं शिकवणार याचं टाचण आधीच तयार असायचं. ते मागून घ्यायचं आणि त्यावरून भूतकाळातली वाक्यं पाडायची. ‘प्रस्तावना आकर्षक होती. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता. विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम.’ मालवणहून कुडाळला एसटी पोचेपर्यंत माझी दोन निरीक्षणं सहज व्हायची, अक्षर काय ते जरा वाकडं यायचं. याला आमच्यात कोणी लबाडी म्हणत नसे. आधीच्या तुकडीने आम्हाला हे शिकवलं होतं आणि मी मोठ्या तोऱ्यात ते पुढच्या तुकडीला शिकवलं. शहाणपणा करायची मला भारी हौस.

आमच्या गटात चौघी होतो आणि सरावासाठी आम्हाला मालवणजवळची एक शाळा मिळाली होती. चौघींपैकी एक देवबागची सून. लग्नानंतर तिने सासरच्यांना कसंबसं राजी करून प्रवेश घेतला होता. सासूचं म्हणणं एकच होतं, ‘काय ता ह्याच वर्सात उरकून घे.’ त्या हिवाळ्यात तिला सातवा महिना लागला. एसटीच्या पायऱ्या चढताना ती दांडा धरून क्षणभर थांबायची, मग वर यायची. डॉक्टरांनी आता प्रवास बंद म्हणून सांगितलं होतं. रविवारी तिचा भाऊ तिला वेंगुर्ल्याला माहेरी न्यायला येणार होता आणि तिचा एकच पाठ शिल्लक होता, शनिवारचा. तो झाला की ती परीक्षेला बसायला मोकळी होती. नाही झाला तर तिचं अख्खं वर्ष जाणार होतं.

आमच्या मार्गदर्शक मॅडमना शनिवारी दोन शाळांत जायचं होतं. त्यांनी शुक्रवारीच सांगितलं, “मी वेळेत नाही पोचले तर तुम्हा तिघींच्या निरीक्षणांवर तिचा पाठ धरेन. नीट बघा.” आम्ही तिघींनी माना डोलावल्या आणि संध्याकाळच्या गाडीत निरीक्षणं लिहून टाकली. पाठ आठवीच्या वर्गावर होता, विषय श्वसन. त्यासाठी तिने घरी फुप्फुसांचं मॉडेल केलं होतं. कापलेली प्लास्टिकची बाटली, आत दोन फुगे आणि तळाला ताणून बसवलेलं रबर. रबर खाली ओढलं की फुगे फुगायचे. मी लिहिलं, ‘प्रतिकृतीचा परिणामकारक वापर केला.’ बाकी दोघींनीही जवळपास हेच लिहिलं. तिचं भलं व्हावं म्हणून मी वर ‘अत्यंत’ हा शब्दही घातला.

शनिवारी सकाळची शाळा. ती धापा टाकत आली तेव्हा घंटा झाली होती. वर्गाच्या दारात ती मला घाईघाईने काहीतरी म्हणाली. “होय गो, तू जा आधी,” मी म्हटलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. मॅडम आल्या नव्हत्या. माझा स्वतःचा पाठ सोमवारी होता आणि तक्ता अर्धाच रंगवून झाला होता. मी तो मांडीवर घेऊन बसले. पस्तीस मिनिटांत मी एकदाच मान वर केली, कारण वर्ग फारच गप्प झाला होता. सगळी मुलं आपापल्या जागी उभी होती. डोळे मिटलेले, एक हात पोटावर. टेबलाशी तीही तशीच उभी होती, डोळे मिटून. मला वाटलं, ही मधेच प्रार्थना घेतेय की काय. मी परत तक्त्यात डोकं घातलं. थोड्या वेळाने मुलं मोठ्याने हसली, मग सगळी एकदम बोलायला लागली, मग घंटा झाली.

मॅडम त्याच वेळी दारात पोचल्या. त्यांनी आम्हाला वाचनालयाच्या खोलीत बोलावलं. ती बाहेर व्हरांड्यात बाकावर बसली, पाय सुजले होते म्हणून. मॅडमनी तिन्ही वह्या वाचल्या, सही करायला पेन उघडलं, आणि शाळेचे शिपाईमामा एक कापडी पिशवी घेऊन आत आले.

“देवबागच्या गाडयेत रवली होती, बाई. कंडक्टर आता परत जाताना देवन गेलो. तुमच्यापैकीच कोणाची तरी आसा म्हणालो.”

मॅडमनी पिशवीत हात घालून ती बाटली बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली. आतले फुगे मलूल पडले होते. त्यांनी बाटलीकडे बघितलं, मग माझ्या वहीतल्या ‘अत्यंत’कडे. दारात ती मला काय सांगत होती ते मला त्या क्षणी कळलं.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे तीन कोरे कागद पुढे केले. “मॉडेल नव्हतं. मग तिने काय केलं ते लिहा. एकमेकींचं बघू नका. तिघींपैकी दोघींचं जरी जुळलं तरी मी पाठ धरते. तिला आजच मोकळी करते.”

म्हणजे मॅडमनाही तिचा पाठ धरायचा होता. दार आमच्यासाठी उघडं ठेवलं होतं त्यांनी. मी कागदाकडे बघत बसले. मुलं उभी होती, डोळे मिटलेले होते, हात पोटावर होता. एवढं एकच मला खरं ठाऊक होतं. पण ते कशासाठी हे ठाऊक नव्हतं. लिहिलं आणि मॅडमनी पुढे विचारलं तर? आणि शिकवायचं सोडून मुलांना उभं केलं असं वाटून तिचाच पाठ गेला तर? मी तिची काळजी करतेय अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर मी स्वतःला वाचवत होते. मग मी लिहिलं, ‘फळ्यावर श्वसनसंस्थेची आकृती काढून स्पष्टीकरण दिले.’ कोणतीही शिक्षिका हेच करेल, बाकीच्याही हेच लिहितील, असा माझा हिशोब.

मॅडमनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले. दुसरीने लिहिलं होतं, प्रश्नोत्तरे घेतली. तिसरीने, पाठ्यपुस्तकातून वाचन करून घेतले. मॅडमनी व्हरांड्यातून तिला आत बोलावलं आणि माझा कागद वाचून दाखवला.

ती मला सावरून घेईल असं मला वाटलं. ‘होय’ म्हणायचा अवकाश होता. ती माझ्याकडे बघून मग मॅडमना म्हणाली, “नाही मॅडम. मी आज खडू हातात घेतलाच नाही.”

“माहीत आहे. मी दारातून फळा बघितला, कोरा होता,” मॅडम म्हणाल्या. “मग काय केलंस तू?”

तिने टेबलावरच्या बाटलीकडे बघितलं. “मी सांगून चालेल का, मॅडम?”

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. “नाही चालणार. मी बघितलं नाही, यांनी कोणीच बघितलं नाही. सही कशावर करू? सोमवारी पुन्हा घेशील?”

सोमवारी ती वेंगुर्ल्यात असणार होती. तिने तसं सांगितलं, पिशवी उचलली आणि “येते, मॅडम” म्हणून निघाली. आमच्याशी ती बोलली नाही. आम्हीही कोणी उठून तिच्यामागे गेलो नाही.

परतीच्या गाडीत आमच्यातली तिसरी खिडकीकडे तोंड करून रडत होती. कुडाळ जवळ आल्यावर ती म्हणाली, “मी एकदा मान वर केली होती गो. सगळी पोरां उभी होती, डोळे मिटून. पण लिवूचा धाडस झाला नाय.”

मला तिचा इतका संताप आला की गाडीतून उतरून चालत जावंसं वाटलं. दोघींचं जुळलं असतं. आम्हा दोघींकडे नेमकी तीच खरी गोष्ट होती आणि दोघींनीही ती गिळून वेगवेगळं खोटं लिहिलं होतं. तिच्यावर चिडले तेवढा वेळ स्वतःकडे बघावं लागलं नाही.

आम्ही तिघी पास झालो. तिचा पाठ राहिला तो राहिलाच. ‘पुढच्या वर्सा’ला सासूने नाही म्हटलं, आणि मग घरच्यांनी पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या, त्यात तिचा दिवस स्वयंपाकातच जायला लागला. बाळ आठ महिन्यांचं झालं तेव्हा मी हिय्या करून झबली घेऊन देवबागला गेले. ती आनंदाने भेटली. बांगडे तळून घातले. पडवीत बाळाला मांडीवर घेऊन बसली तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. मी बघितलं होतं, तिसरीनेही बघितलं होतं, आणि आम्ही दोघींनी ते लिहिलं नाही.

तिने ऐकून घेतलं. बाळाच्या तोंडातलं झबल्याचं टोक काढलं. माझं मन थोडं हलकं झालं, आणि मला ते विचारल्यावाचून राहवेना. इतके दिवस तेच डोक्यात घोळत होतं.

“पण गो, तू पोरांका उभा करून नेमका काय शिकवलं होतंस?”

तिने बाळाला खांद्यावर घेतलं.

“तू थंयच, वर्गात होतंस मां?” ती म्हणाली. “मगे माका कित्याक इचारतंस?”