फोर स्टार जानोसा

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, रेतीचा ट्रक अडवला म्हणून अंगावर गाडी घालणारे पाहिले. पण एका लॉजच्या नावापुढच्या चार चांदण्यांनी मला जेवढं छळलं तेवढं त्यांच्यातल्या कुणीच छळलं नाही.

निवृत्तीला वर्षभर बाकी होतं. सडक अर्जुनीच्या बाजूला, रायपूर हायवेवरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एप्रिल महिना, ऐन लग्नसराई. सकाळची हजेरी आटोपून केस डायऱ्या चाळत बसलो होतो, तेवढ्यात माझ्या खबऱ्याचा फोन आला. हायवेवर त्याचा पानठेला आहे.

"साहेब, लवकर या. मोठी टोळी हाय. ऑनलाईन फसवून राहिले लोकाईले. बसभर पब्लिक भडकली, लॉजवाल्याले आता मारतेत."

'टोळी' ऐकलं आणि मी टोपी उचलली. कारण सांगून टाकतो. आदल्याच आठवड्यात गुन्हे बैठकीत वरिष्ठांनी मला सगळ्यांसमोर झापलं होतं, की तुमच्या ठाण्यात ऑनलाईन फसवणुकीचा एकही तपास पुढे सरकत नाही. म्हटलं, चला, ही आयतीच हाती आली.

जाऊन पाहतो तर लॉजसमोर वऱ्हाडाची बस उभी. आत चाळीसेक माणसं घामाने निथळत बसलेली, पण खाली कुणी उतरेना. खाली दोघंच. एक नवरदेवाचा मामा, नागपूरचा, आवाज असा की ठाण्यापर्यंत ऐकू यावा. दुसरे नवरीचे वडील, हात जोडून उभे. हे अर्जुनी मोरगावकडच्या एका जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी. लग्न संध्याकाळी जवळच्याच लॉनवर होतं. वरपक्षाला उतरायला जी जागा द्यायची तिला आमच्याकडे जानोसा म्हणतात. जानोसा हलका निघाला की वऱ्हाड रुसलं, आणि वऱ्हाड रुसलं की मुलीच्या बापाचं काय होतं ते विचारू नका.

गुरुजींनी हा जानोसा स्वस्तात खोल्या देणाऱ्या एका साईटवर स्वतः मोबाईलवरून बुक केला होता. नावापुढे चार तारे, जुन्या भावावर काट मारून खाली अर्ध्याहून कमी भाव. त्याचा फोटो त्यांनी व्याह्यांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आपल्यासाठी फोर स्टार व्यवस्था.' प्रत्यक्षात काय होतं? दोन मजली इमारत, बारा खोल्या, खाली ढाबा, अंगणात ट्रकांची रांग आणि कठड्यावर वाळत घातलेल्या लुंग्या.

"हे फोर स्टार?" मामा माझ्यावरच ओरडला. "आमच्या बाया इथं ट्रकवाल्यांत आंघोळ करतीन काय? एक वाजेपर्यंत पाहतो, नाई तर गाडी सीधी नागपूर वापस."

लॉजवाला गल्ल्यामागे उभा होता, पन्नाशीचा, खांद्यावर दुपट्टा. मी त्याचा मोबाईल काढून घेतला, दंड धरला आणि जीपमध्ये बसवला. त्याची रोजची गिऱ्हाइकं, म्हणजे ड्रायव्हर मंडळी, हातातला चहा तसाच धरून बघत राहिली.

"काऊन साहेब? मी का केलो?" तो म्हणाला.

"ठाण्यात चल, सांगतो."

ठाण्यात गुरुजींनी फिर्याद इतक्या सुवाच्य अक्षरात लिहिली की आमच्या हवालदार बाई बघतच राहिल्या. पण त्यांची घाई मला खटकली. "साहेब, एक वाजायच्या आत मला एफआयआरची प्रत पाहिजे," हे त्यांनी तीनदा सांगितलं. विचारलं, एवढी कशाची घाई?

"मामासाहेब म्हणतात, तुम्हीच आम्हाला फसवलं. तुम्ही फसले असाल तर पोलिसांचा कागद दाखवा, मग उतरतो. कागद नाही मिळाला तर माझी पोरगी हळद लावून घरी बसेल, साहेब." आणि डोळ्यांत पाणी.

ठाण्यात येणाऱ्या निम्म्या लोकांना न्याय नको असतो, कागद हवा असतो. भाऊबंदांना दाखवायला, बायकोला दाखवायला, व्याह्याला दाखवायला. हे मला ठाऊक होतं, तरी त्या बापाला नाही म्हणवेना. पण कागद द्यायचा म्हणजे समोरच्या माणसाला आत टाकायचा. मी लॉजवाल्याला पुढ्यात बसवला.

"हे चार स्टार कोणी लावले?"

"मीच लावलो."

कबुली! दोन मिनिटांत! मी बाईंना म्हटलं, घ्या जबाब लिहून. आणि त्याला विचारलं, "कशाच्या आधारावर लावले?"

"कंपनीच्या मानसानं फोनवर फारम भरून घेतला. इचारला, स्टार किती? मी म्हनलो, मले का माहीत? तो म्हनला, तुमाले वाटतेत तेवढे सांगा."

"मग तुला चार वाटले?"

"पाच वाटले होते, साहेब. गरम पानी हाय, चादरी रोज धुतो, ढेकून एक दाखवा. पन आपल्याच तोंडानं पाच कसे सांगाचे? मानसाले थोडी लाज पायजे ना. म्हनून एक कमी केलो."

बाईंनी तोंडाला पदर... नव्हे, रुमाल लावला, वर्दीत होत्या. मी टेबलावर हात आपटला. हसू येत होतं की संताप, माझं मलाच कळेना. चाळीस माणसं उन्हात शिजतायत, एका पोरीचं लग्न मोडायला आलंय, आणि हा गृहस्थ नम्रतेने फोर स्टार झाला होता!

गुरुजी ऐकायला तयार नव्हते. मोबाईल माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "आणि हे? पाचपैकी साडेचार गुण! शेकडा नव्वद! इतक्या लोकांनी दिले, ते सगळे खोटे? यानंच भरले असणार."

आता हा मुद्दा होता. मी त्या कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. वीस मिनिटं एक बाई हिंदीत सांगत होती की माझा कॉल त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे. मी पोलीस अधिकारी बोलतोय म्हणालो तर म्हणाली, एक दाबा. एक दाबलं तर म्हणाली, दोन दाबा. वैतागून फोन ठेवला आणि आपला जुना मार्ग धरला. लॉजचं रजिस्टर मागवलं. गुण देणाऱ्यांची नावं त्याच्याशी ताडली. जुळली. तिघांना फोन लावले. तिघेही ट्रक ड्रायव्हर. एकजण दुर्गजवळ गाडी चालवत होता.

"हाँ साहब, पाँच में पाँच दिया मैंने," तो म्हणाला. "टायर पे नज़र रखता है, डीज़ल चोरी नहीं होने देता, और नहाने को गरम पानी. ऐसा आदमी रोड पे मिलता है क्या?"

गुण खरे निघाले. ट्रक लावायला जागा, दाल तडका, चोरीचं भय नाही, यासाठी ड्रायव्हर लोकांनी मनापासून दिलेले. त्यात नवरीकडच्या कुणाची फसवणूक करण्याचा प्रश्नच नव्हता.

हवालदार बाईंनी चष्मा लावला आणि गुरुजींच्या मोबाईलवर ताऱ्यांशेजारच्या एका बारीक गोल खुणेवर बोट ठेवलं. एक चौकट उघडली. तीत लिहिलं होतं, 'हे तारे निवासस्थानाने स्वतः दिलेले आहेत. अधिकृत वर्गीकरण नाही.'

"साहेब, हे तर लिहिलेलंच आहे," बाई म्हणाल्या.

झालं! तपास संपला. तारे मालकाने दिलेले, गुण ड्रायव्हरांनी दिलेले, आणि सरकारी माणूस तारे द्यायला त्या लॉजवर कधी फिरकलेलाच नाही. सरकारकडून तारे हवेत तर रीतसर अर्ज करावा लागतो, मग समिती येऊन तपासते. ही गोष्ट लॉजवाल्याने त्या दिवशी माझ्याकडूनच ऐकली. आणि हे सगळं त्या कंपनीने मुंगीएवढ्या अक्षरात सांगून हात झटकले होते. मोठ्या अक्षरात काय, तर सूट!

साडेबारा वाजले होते. मी गुरुजींना समजावून सांगितलं. ते हळूच म्हणाले, "साहेब, तरीपण दाखल करा. लग्न लागलं की मागे घेऊ."

खरं सांगतो, मी पेन उचललं होतं. मनात हिशेब झाला, की मुलीचं लग्न होईल, वरिष्ठांना एक ऑनलाईन गुन्हा उघडकीस आलेला दिसेल, आणि या लॉजवाल्याला चार-दोन दिवसांत जामीन मिळेलच. एवढ्यात बाकावरून तो बोलला.

"गुरुजी, तुमच्या पोरीच्या लग्नासाठी मी काऊन जेलात जाऊ?"

  गुरुजींनी आपली फिर्याद टेबलावरून उचलली, घडी केली आणि खिशात घातली. म्हणाले, "चला साहेब, बसकडे." मी लॉजवाल्याला सोडलं आणि आम्ही निघालो; घाईत त्याचा मोबाईल ठाण्यातच राहिला.

बसच्या पायरीवर चढून गुरुजी बोलले. शाळेत बोलावं तसं स्पष्ट बोलले. "कोणीही फसवलं नाही. मलाच वाचता आलं नाही. जन्मभर पोरांना सांगितलं, आधी सूचना वाचा, मग उत्तर लिहा. मीच वाचलं नाही. ही जागा साधी आहे. चूक माझी आहे, पोरीची नाही."

मामा तोंड उघडणार, तेवढ्यात मागच्या सीटवरून नवरदेवाची आजी कडाडली, "सरक बे बाजूले! सकाळपासून मले लघवी लागून राहिली अन् हा तारे मोजून राहिला! संडास हाय ना आत? मंग झालं!"

आजी उतरली, तिच्यामागून बाया उतरल्या, त्यांच्यामागून सगळी बस. मामा एकटा किती वेळ बसणार? पाच मिनिटांनी तोही उतरला. ड्रायव्हरांनी आपल्या लुंग्या गोळा करून वरच्या खोल्या रिकाम्या केल्या. संध्याकाळी लग्न लागलं. मी बंदोबस्ताच्या नावाखाली गेलो आणि पंगतीला जेवूनच आलो.

आता नातेवाईक फोन करतात, "हे हॉटेल फोर स्टार आहे, चांगलं असेल ना?" माझं टाळकं सरकतं. अरे बाबांनो, तारे कोणी दिले ते आधी बघा. गुण देणारी माणसं कोण होती, त्यांना काय हवं होतं, ते वाचा. सगळ्यात सोपं म्हणजे हॉटेलला सरळ फोन लावा आणि विचारा, वऱ्हाड उतरण्याजोगं आहे का. त्या लॉजवाल्याला विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. त्याने मला तसं सांगितलंही. पण त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजवाला आपला मोबाईल न्यायला ठाण्यात आला. मी उठून मोबाईल हातात दिला, बसा म्हणालो. तो बसला नाही. म्हणाला, "साहेब, एक इचारू? गुरुजीनं नाई वाचलं, ठीक हाय. मले जीपमंदी बसवाच्या आधी तुमी तरी वाचले होते का?"

मी म्हणालो, "नाही."

त्याने मान हलवली आणि निघून गेला. मी स्टेशन डायरी ओढली आणि लिहिलं, 'गैरसमजातून वाद, आपसात मिटला.' गैरसमज कोणाकोणाचा, ते मात्र लिहिलं नाही.