कंडक्टर म्हणजे यम

साध्या गोष्टीतला साधेपणा ज्याला जन्मात एकदाही सहन झाला नाही, असा माणूस मी एकच पाहिला: कुंभकोणमचे माझे घरमालक. ऐंशीच्या दशकात बँकेने माझी बदली साताऱ्याहून थेट तिकडे केली आणि भोसल्यांच्या काळात तंजावरकडे गेलेल्या एका मराठी घरात मला खोली मिळाली. घरमालकांना सगळे काका म्हणत; इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. मराठी बोलायचे, पण जुन्या खलित्यातली. मी कथा लिहितो हे कळताच त्यांनी किल्ली द्यायच्या आधी कथा मागितली. कथेत एक माणूस बसने स्वामीमलैला जातो, पंचधातूची मूर्ती घेतो आणि परत येतो, एवढंच. काकांनी वाचून डोळे मिटले. "मूर्ती म्हणजे आत्मा, बस म्हणजे देह, आणि कंडक्टर साक्षात यम जाहला!" मी हादरलोच. म्हटलं, "अहो, तो नुसता 'पुढे सरका' म्हणतो!" "मग आणखी काय पुरावा पाहिजे तुजला?" काका म्हणाले. वाण्याच्या यादीत मीठ शेवटी का लिहिलं, यावरही त्यांनी स्वयंपाकाच्या बाईंना अर्धा तास धरून ठेवलं होतं. बाई तेव्हापासून यादी तोंडीच सांगत.

रोज चार वाजता मात्र काका गप्प असत. स्वतः फिल्टर कॉफी करत, पेल्यातली अर्धी खालच्या डवऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, ओतत आणि ती समोरच्या रिकाम्या पाटाकडे सरकवत. काकूंना जाऊन चार वर्षं झाली होती. कॉफी निवली की ती कढीपत्त्याच्या मुळाशी जाई. आता यांना आयतं प्रतीक देऊ, अशी मला दुर्बुद्धी सुचली. मी त्या डवऱ्यावर कथा लिहिली, डवरा म्हणजे पोकळी वगैरे, आणि शाबासकीच्या आशेने पुढे ठेवली.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "हें काय लिहिलेंस? यात प्रतीक कोठें आहे? तिजला अर्धीच लागे, म्हणून अर्धी ओतितों." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कथा मी त्यांच्यासमोरच फाडली, तरी चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. असं घर, असं माणूस आपण गमावलं, या विचाराने मला जेवण जाईना.

पाचव्या दिवशी चार वाजता हाक आली. काकांनी मला पाटावर बसवलं आणि डवरा माझ्याकडे सरकवला.

"निवते. पी."

मी प्यालो.

"कशी जाहली?"

"गोड," मी म्हणालो. काकांनी त्याचा काहीही अर्थ काढला नाही.