पाहुण्यांच्या भिंतीवरचा हात

नानामोरीला बस वळणं घेत उतरायला लागली की आधी दिसायची ती गिटार. तीन मजली, सोनेरी, आणि मान जराशी डावीकडे कललेली. उत्तर जपानच्या डोंगरात, सफरचंदांच्या बागांच्या मधोमध असलं काहीतरी उभं असेल असं स्वप्नातसुद्धा कुणाला वाटणार नाही. डोंबिवलीच्या स्नेहलताने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा कपाळालाच हात लावला. "श्रीहरी, कुठे आणून टाकलंस रे मला?"

श्रीहरी तिचा नवरा, जंगलातल्या मातीचा शास्त्रज्ञ. दोन हजार अकराच्या भूकंपानंतर इकडच्या मातीचं काय झालं ते तपासायला एका संशोधन संस्थेने त्याला बोलावून घेतलं होतं. तो सकाळी गमबूट घालून डोंगरात जायचा आणि संध्याकाळी चिखल घेऊन घरी यायचा. लेक ओवी शाळेत रमली आणि बघता बघता आईला जपानीतून उत्तरं द्यायला लागली. उरली ही. ठाण्यातली बँकेची नोकरी सोडून आलेली, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू ठेवायची सवय असलेली बाई; आणि इथे समोर कोण? तर ओला कचरा, सुका कचरा, बाटल्या आणि डबे, आपापल्या पिशवीत गप्प बसलेले. तिने तरी करायचं काय?

म्हणून ती रोज त्या गिटारीपाशी जाऊन बसायची. तिथे एक म्हातारा थापी घेऊन काहीतरी लिंपत असायचा. हे काकुता-सान; इथे नावापुढे मानाने 'सान' लावतात. पेशाने गवंडी, छंदाने बँजोवाले. डोक्यावर कायम गुराख्याची रुंद टोपी. त्यांनीच तिला या सगळ्या खटाटोपाची कथा सांगितली.

फार पूर्वी, जपानकडे पैसा उतू जात होता तेव्हा, गावातली काही मंडळी ऑस्ट्रेलियाला सहलीला गेली होती. तिथे आत, खेड्यापाड्यांच्या मुलखात, चहूकडे शेतं आणि मेंढ्या असलेलं एक शहर त्यांनी पाहिलं. वेशीवर भलीमोठी सोनेरी गिटार. गायकांचे मेणाचे पुतळे. आणि नामांकित गायकांनी ओल्या सिमेंटमध्ये हात दाबून ठेवलेले ठसे. कंट्री म्युझिकसाठी तिथे लांबलांबून माणसं लोटतात. म्हणजे मुलूख आपल्यासारखाच आडवळणाचा आणि तरी ही गर्दी! मंडळी परत आली ती डोक्यात किडा घेऊनच. आपल्याकडे का नाही? मग काय, गिटार झाली. मेणाचे चार पुतळे झाले. कुंपणात मेंढ्या आल्या. गावातले म्हातारे दर रविवारी टोप्या घालून, अर्थ न कळणाऱ्या इंग्रजीत, डोळे मिटून गायला लागले. आणि हातांची भिंत झाली. टोक्योहून, ऑस्ट्रेलियाहून जो कुणी गायक यायचा त्याच्यासाठी काकुता-सान चौकोनी लादी ओतायचे, त्याचा हात धरून दाबायचे आणि कडा गुळगुळीत करून द्यायचे.

"आता कुणी येत नाही," ते म्हणाले. "भूकंपात इथे काही पडलं नाही. गिटारीला एक तडा गेला आणि एका पुतळ्याची मिशी पडली, ती मी चिकटवली. पण लोकांना नकाशात सगळी उत्तर सारखीच दिसते. अणुभट्टी फुटली ती लांब, पण इकडचीही हवा वाईट म्हणतात."

"वाईट कसली? मी तर जड झालेय इथे आल्यापासून," स्नेहलता तिच्या मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाली. काकुता-सान एवढे हसले की टोपी खाली पडली. दुसऱ्या दिवशी त्यांनीच तिला पर्यटन केंद्रात नेऊन उभं केलं आणि तिथल्या प्रमुखाला सांगितलं, "या बाईंना ठेवून घ्या. या बोलतात."

अशी ती वाटाड्या झाली. आणि काय झाली म्हणता! बाकीचे गाईड पाठ केलेलं म्हणायचे; ही आधी पाहुण्याला विचारायची, सकाळपासून काही खाल्लंत का? मिशीवाल्या पुतळ्यासमोर नेऊन म्हणायची, "नीट बघा, मिशी तिरकी आहे. भूकंपाची एवढीच खूण आमच्याकडे." लोक हसायचे, घरी जाऊन सांगायचे, आणि हळूहळू रविवारच्या बाकांवर पुन्हा माणसं दिसायला लागली. फक्त एका प्रश्नाला ती अडखळायची. प्रत्येक पाहुणा, अगदी प्रेमाने, शेवटी विचारायचाच: "तुम्ही आपल्या देशात परत कधी जाणार?" ती म्हणायची, "बघू." आणि दिवसभर तो प्रश्न तिच्या पायात घुटमळत राहायचा.

काकुता-सानना ती मानायची किती! पण सुरुवातीला एकदा मोठी फजिती झाली. ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी शहरात निघाले होते. घरचं माणूस दवाखान्यात निघालं की आपण काय करतो? हिने घरी विरजलेल्या दह्याचा चमचा आणि चिमूटभर साखर त्यांच्या तळहातावर ठेवली. काकुता-साननी तळहाताकडे पाहिलं, कमरेत वाकून नमस्कार केला, आणि दही तसंच हातावर घेऊन निघाले की! अंगण ओलांडलं, कोपराने गाडीचं दार उघडलं, मुलगा गाडी चालवत होता त्याच्या शेजारी हात पुढे धरून बसले, आणि गेले. स्नेहलताचं तोंड एवढंसं झालं. किळस आली असणार त्यांना! कुठून अवदसा आठवली मला!

आठवड्याने ते परतले, सफरचंदांची पेटी घेऊन. भेटीची परतफेड. म्हणाले, दही फार छान होतं, गाडी वळल्यावर लगेच खाल्लं. "वळल्यावर? माझ्यासमोर का नाही?" तर ते उलट चकितच झाले. देणाऱ्याच्या समोर भेट उघडायची? इतका हावरटपणा? स्नेहलता पोट धरधरून हसली, आणि मग घरी येऊन थोडी रडलीसुद्धा, कारण एक माणूस आपल्या हातचं दही सांडू न देता अंगणभर घेऊन गेला होता.

वर्षं सरली. ओवी ओसाकाला शिकायला गेली. काकुता-सानची बायको वारली. त्यांच्या डोळ्यांना धूसर दिसायला लागलं. आणि एका थंडीत इंजिनियर येऊन सांगून गेले की गिटारीचा तडा खोल गेलाय, आता पुढचा हादरा ती सोसणार नाही. गावाने ठरवलं, गिटार उतरवायची, मेंढ्या शेतकऱ्यांना द्यायच्या आणि हातांची भिंत तेवढी रेल्वे स्टेशनच्या हॉलमध्ये न्यायची. त्याच सुमारास योकोहामाहून मुलाचा फोन आला, बाबा, आता इकडेच या. काकुता-सान हो म्हणाले.

आणि स्नेहलताला घोर लागला. त्या भिंतीवर सगळ्या जगाचे हात होते. ज्याने ती लादी-लादीने उभी केली, त्याचाच नव्हता. खालच्या कोपऱ्यात एक जागा रिकामी होती. आता नाही उमटला तो हात तर कधीच नाही उमटणार. आणि उद्या स्टेशनात ती भिंत बघणाऱ्याला काकुता नावाचा माणूस होऊन गेला हे कळणारही नाही. हे तिला सहन होईना. तिने विनवलं, चिडून पाहिलं, बोलणं टाकून पाहिलं. म्हातारा ढिम्म.

"ती पाहुण्यांची भिंत आहे, स्नेहा-सान. घरच्या माणसाने पाहुण्यांच्या रांगेत बसायचं नसतं."

घरी वेगळाच तिढा. संस्था श्रीहरीला कायम करायला तयार होती. पुण्याहूनही बोलावणं आलं होतं. "तुझं तू ठरव," तो म्हणाला होता. "तुला मी इथे आणून टाकलं ना? आता तू म्हणशील तसं." ती म्हणाली होती, "बघू."

काकुता-सानच्या निघण्याचा दिवस उजाडला. केंद्राच्या ओसरीवर ते बॅग घेऊन आले तर काय, स्नेहलता आणि श्रीहरी बादलीत सिमेंट कालवतायत! बाजूला लाकडी साचा. श्रीहरी आयुष्यभर मातीत हात घालणारा माणूस, पण सिमेंटचं नि त्याचं कुठे जमायला? काकुता-साननी वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"हे काय आहे? सूप?"

"जमेल तसं केलंय," स्नेहलता फणकाऱ्याने म्हणाली.

गवंड्याला ते बघवेना. त्यांनी बॅग ठेवली, बाह्या सारल्या, आणखी सिमेंट घातलं, घोटलं, साच्यात ओतलं, थापीने वरून असा हात फिरवला की आरशासारखी लादी तयार झाली. मग हात धुऊन पुसले. "झालं. आता कुणाचा हात?"

स्नेहलताने त्यांच्याच हाताकडे बोट दाखवलं. त्यांना कळलं. त्यांनी मान हलवली. "नाही, स्नेहा-सान. सांगितलंय मी."

हिचे डोळे भरून आले. तिने पिशवीतून डबा काढला. "बरं. निघालात ना? मग हात पुढे करा."

त्यांनी उजवा हात पुढे केला. तिने दही ठेवलं, वर साखर. सवयीने ते वाकले, आणि तसेच वाकलेले थांबले. धूसर डोळ्यांनी तळहाताकडे बघत त्यांनी विचारलं, "हे तुमच्याकडे कोण कुणाला देतं?"

"जो घरी राहतो तो देतो. जो निघाला त्याला."

"म्हणजे आज घरच्या तुम्ही."

"हो."

"आणि मी निघालेला. पाहुणा."

"हो, काकुता-सान. आज तुम्ही पाहुणे."

ते सरळ उभे राहिले. "पण पाहुणा निघाल्यावर घरी कुणी असावं लागतं. तुम्ही तर 'बघू' म्हणता. इतकी वर्षं ऐकतोय मी. खरं सांगा. राहणार आहात का?"

स्नेहलताने श्रीहरीकडे पाहिलंसुद्धा नाही. कललेल्या गिटारीकडे पाहिलं, लादीकडे पाहिलं.

"राहणार," ती म्हणाली.

काकुता-साननी तिच्यासमोरच, एक थेंब न सांडता, दही खाऊन टाकलं. तळहातसुद्धा चाटला. मग गुडघे टेकून बसले आणि तोच हात लादीवर ठेवून दाबला. इतरांचे हात दाबताना ते वर आपला हात धरायचे. आज वर कुणाचा हात नव्हता, म्हणून स्नेहलता शेजारी बसली आणि तिने धरला. हात उचलल्यावर त्यांनी डाव्या हाताने थापी घेतली आणि स्वतःच्याच ठशाची कड गुळगुळीत करून दिली.

"अगं, मला विचारशील की नाही?" श्रीहरी बादली घेऊन उभाच होता.

"तूच म्हणालास ना, तुझं तू ठरव? ठरवलं! आता नळ सोड, त्यांचे हात धुवायचेत."

बस आली. काकुता-साननी खिडकीतून टोपी हलवली, वळण येईपर्यंत हलवली. स्नेहलताही ती दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिली, आणि मग पदर नाही म्हणून स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले.

आता गिटार नाही. ती भिंत स्टेशनच्या हॉलमध्ये आहे, आणि गाडीची वाट बघणाऱ्यांना स्नेहलता ती दाखवते. परवा टोक्योच्या एक आजी खालच्या कोपऱ्यातल्या हातापाशी थबकल्या. हा कुठला गायक?

"आमचे पाहुणे," स्नेहलता म्हणाली. "योकोहामाला असतात."

आजींनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि अगदी प्रेमाने विचारलं, "आणि तुम्ही? आपल्या देशात परत कधी जाणार?"

"मी कशी जाऊ, आजी?" स्नेहलता म्हणाली. "ते आले तर घरी कुणी नको?"