खिडकीतून पाहिलेलं ला पाझ

देवाने माणसाला बूड कशासाठी दिलं, हे आमच्या वरच्या मजल्यावरच्या भावोजींना शेवटपर्यंत समजलं नाही. कुवेतला रिग्गई भागातल्या त्या बिल्डिंगमध्ये आम्ही कित्येक वर्षं शेजारी होतो, पण त्यांना पाठ टेकून बसलेलं पाहिल्याचं मला आठवत नाही. चहा उभ्याने, जेवण येरझाऱ्या घालत. ते माझ्या नवऱ्याबरोबर रिफायनरीत मेंटेनन्सला होते. मुलीच्या शाळेसाठी बायको नाशिकला राहिलेली, त्यामुळे शुक्रवारी त्यांना आवरायला कोणी नसे. सकाळी उठून शर्कच्या मासळीबाजारात जायचे, लिलाव संपेपर्यंत गर्दीतून फिरायचे आणि रिकाम्या हाताने परत यायचे. मासे कुठे आहेत म्हणून विचारलं, तर म्हणाले, "छे हो वहिनी, मी शाकाहारी!"

डोंगरांत वाढलेल्या या माणसाला कुवेतच्या सपाटीने अगदी छळलं होतं. "इथे सगळ्यात मोठा चढ म्हणजे फ्लायओव्हर," असं ते कळवळून सांगायचे. एका ईदला रजा जोडून त्यांनी जाहीर केलं, "ला पाझला चाललोय. बोलिव्हिया, दक्षिण अमेरिका. अख्खं शहर डोंगरात बसलंय, वहिनी!"

"एकटेच?"

"माझ्याबरोबर यायचं तर माणसाला चाकं लागतील!"

पण ला पाझचा विमानतळच इतक्या उंचीवर, की बॅग उचलली आणि भावोजींचे डोळे फिरले. कसेबसे एका म्हातारीच्या लॉजवर पोचले. डॉक्टर आला, नाकाला ऑक्सिजन लावला आणि खुणेनेच बजावलं, हलायचं नाही. भावोजींना हे सांगणं म्हणजे वाऱ्याला थांब म्हणणं. डॉक्टरची पाठ वळताच बूट घालून निघाले, ते जिन्याच्या मध्यावर धाप लागून मटकन खालीच बसले. म्हातारीने दंडाला धरून वर आणलं, स्पॅनिशमध्ये यथेच्छ झापलं आणि खोलीच्या दारातच खुर्ची टाकून विणकाम घेऊन बसली. "आता मावशीला ओलांडून जाणार कसा?" भावोजी सांगत होते. मावशी कसल्याशा पाल्याचा गरम काढा पाजायची आणि बोलत राहायची. भावोजी मराठीत उत्तरं द्यायचे. लेकीचं सांगितलं, नाशिकचं सांगितलं. एकदा बोलताबोलता मावशी रडायला लागली. "काय सांगत होती, देव जाणे. पण मलाही रडू आलं, वहिनी. किती वर्षांनी आलं!"

परत आल्यावर फोटो बघायला मंडळी आमच्या हॉलमध्ये जमली. सगळे फोटो एकाच खिडकीतून काढलेले. उतारावर चढत गेलेली विटांची घरं, मागे बर्फाचा डोंगर. सकाळचा, दुपारचा, संध्याकाळी गुलाबी झालेला.

"अहो, बाकीचं गाव कुठंय?" कोणीतरी विचारलं.

"हेच गाव. मी हलत नव्हतो, पण गाव हलत होतं ना! ऊन सरकतं, ढग जातात, बायका पाठीला बोचकी बांधून चढतात. बघता बघता दिवस पुरत नाही."

आता हा माणूस निवला, असं आम्हाला वाटलं. पुढच्याच शुक्रवारी स्वारी मासळीबाजारात! फक्त एक नवं सुरू झालं. दर ईदला आमच्या घरी येऊन ते मावशीला फोन लावायचे. "मावशी, मी बरा आहे! तुमचे गुडघे काय म्हणतात?" असं मराठीत ओरडायचे. तिकडून स्पॅनिशचा धबधबा. एकमेकांचं अवाक्षर न कळता दोघंही खळखळून हसायचे.

एका ईदला फोनवर पुरुषाचा आवाज आला. तो बराच वेळ, हळू आवाजात काहीतरी सांगत होता. भावोजींनी सगळं ऐकून घेतलं. मग हलकेच म्हणाले, "मी बरा आहे, एवढंच मावशीला सांगायचं होतं." आणि रिसीव्हर ठेवला.

थोड्या वेळाने त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली.

"कुठे निघालात?" नवऱ्याने विचारलं.

"कुठे असं नाही."

नवऱ्याने पायांत चपला सरकवल्या आणि तोही निघाला. त्या संध्याकाळी गाडी पार दक्षिण सरहद्दीवरच्या वफ्र्यापर्यंत गेली, खजुराच्या शेतांना वळसा घालून परत आली.