ठकीची खेळणी बंबात

वाचनालयातल्या मंडळींनो, आज फळ्यावर रागानेच लिहिते आहे.

माझी पाळलेली सशीण ठकी फार हुशार. बांबूच्या नळीत हरभरे लपवले, तरी नळी उलटी करून काढते. आज खालापूरची बायकांची सभा आटोपून घरी आले, तर दिरांनी तिची सगळी लाकडी खेळणी बंबात जाळलेली! ठकी पिंजऱ्याची तार चावत होती. तोंडातून रक्त येत होतं.

"वहिनी, लढाईच्या दिवसांत सरपण मिळत नाही, आणि सशाला कसली खेळणी? पोटाला गवत मिळतंय ना?"

"भाऊजी, पोटाला तुम्हालाही मिळतं. मग रोज पत्ते कशाला कुटता?"

मी त्यांच्या हातात कोयता दिला आणि बांबू आणायला पिटाळलं.

दोन वेळा खायला घातलं की मुकं जनावर सुखी, हे तुम्ही कुणाला विचारून ठरवलंत? आणि घरातल्या बायकांचं तरी कुणाला विचारून ठरवलंत?