ठोक्याचा उजवा कान

ड्रायव्हर म्हणजे नुसतं चाक फिरवणारा माणूस, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा ठोक्याबरोबर ट्रकवर जाऊन यावं. माल भरताना उभं राहायचं, ताडपत्रीचे दोर आवळायचे, तेल-पाणी बघायचं, कागद सांभाळायचे, फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही साहेब म्हणायचं, आणि काही फुटलं-भिजलं तर मुकाट शिव्या खायच्या. अंगात काय लागतं? डोळे, कान, दगडाची कंबर, आणि घरच्यांपासून लांब राहायची तयारी. ही शेवटची अट कुठं लिहिलेली नसते, पण तीच सगळ्यात महाग पडते.

ठोक्याचं खरं नाव मालकालाही आठवत नसे. प्रत्येक थांब्यावर तो लोखंडी दांडा घेऊन एकेका टायरवर ठोका मारी आणि वाकून डावा कान लावी. जोडीतला आतला टायर बसला तरी बाहेरचा त्याला झाकून घेतो. ठोक्याला तो आवाजावरून कळे. इतर ड्रायव्हरही आपली गाडी त्याच्याकडून ठोकून घेत. कानाचा त्याला भारी ताठा होता.

पण खिडकीशी असायचा तो उजवा कान. उभ्या जन्माचा वारा आणि हॉर्न त्याच कानात गेले. तो हळूहळू बंद पडला आणि ठोक्याला त्याचा पत्ताच नाही! उजवीकडून कुणी अंगावर गाडी घातली, तर ‘हॉर्न द्यायला काय झालं होतं?’ म्हणून ठोक्या त्यालाच शिवी घाली. डावा हात गिअरचा म्हणून फोन उजव्या कानाला. ही खोड गाडी उभी असली तरी सुटली नाही. मालक फोनवर ओरडूनच बोले, ते ऐकू येई. बायको मात्र हळू आवाजाची.

“हॅलो! अगं बोल की! मूग गिळून बसलीस का?”

तिकडून काही नाही. ही रुसली, असं समजून तो तणतणत फोन ठेवी. घरी आला की झोपण्यात आणि गाडीच्या कामात दिवस जात. दमून आलेल्या माणसाशी कशाला भांडा, म्हणून तीही विषय काढत नसे. पुढेपुढे ‘पोचलो’ म्हणून तोच फोन ठेवायला लागला.

परवान्याचं नूतनीकरण आलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं. “डावा कान बोटानं दाबून धरा. मी मागून हळू बोलेन, तेच तुम्ही म्हणायचं.”

ठोक्या थांबला. बराच वेळ थांबला. मग हसून म्हणाला, “बाई, सुरू करा ना.”

त्या पुढे येऊन समोर उभ्या राहिल्या. “काका, मी तीनदा बोलले.”

आता परवाना मिळणार नव्हता, कानाला मशीन लावूनही नाही. नियमच तसा होता. पण तो उठला तेव्हा त्याच्या डोक्यात गाडी नव्हतीच. त्याला फोन आठवत होते.

मालकाकडे किल्ली देऊन तो घरी आला. मालकानं दुसरा ड्रायव्हर आधीच बघून ठेवला होता. बायको भाजी निवडत होती. तो तिच्या उजव्या हाताला बसला, डावा कान तिच्याकडे करून. दवाखान्यातलं सगळं सांगितलं. ती निवडायची थांबली.

“म्हणजे तेव्हा तू बोलत होतीस?”

“बोलत होते. पोरीला ताप होता तेव्हा रडलेही होते. तुम्ही ओरडून ठेवून दिलात.”

गाडी गेली होती, आणि आता उरलेला जन्म याच खोलीत, याच बाईशेजारी काढायचा होता. “आता बोल,” तो काकुळतीनं म्हणाला. “काहीही सांग. मी ऐकतो.”

तिनं मनापासून आठवून बघितलं. मग भाजी पुढे ओढली.

“आता काही सांगायचं राहिलं नाही हो,” ती नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली. “सवयच गेली.”

डावा कान शाबूत होता. त्याला शब्दन्‌शब्द ऐकू आला.